स्पॅनिशचें एम. ए. : अर्ज करण्यापूर्वीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या आठवड्यांत आपण पुष्कळ भाषणें ऐकलींत. पूर्वजांचें गुणवर्णन झालें, देवालयाच्या बांधकामाचा इतिहास झाला, आणि तें सर्व योग्यच झालें. मजकडे आलेला विषय मात्र तितका रम्य नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील पदवीधर मुलगे व मुली हातांत कागद घेऊन माझ्याकडे येऊं लागल्या आहेत. "फादर, स्पॅनिशमध्यें एम. ए. करावयाचें आहे, अर्ज कसा करावा, आणि तुम्ही एक पत्र द्याल काय?" असा बहुतेकांचा प्रश्न असतो. एकेकट्यास उत्तर देतां देतां माझ्या ध्यानांत आलें कीं, हें सर्वांसमक्ष एकदांच सांगितलेलें बरें. कारण ह्या साध्या प्रश्नाच्या पाठीशीं पुष्कळदां घरची जमीन, आईचें सोनें आणि मुलाच्या उमेदीचीं दोन-तीन वर्षें पणास लागलेलीं असतात.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. स्पॅनिश शिकणें ही एक गोष्ट. स्पेनमध्यें जाऊन व्यापार किंवा हॉटेलची व्यवस्था शिकणें ही दुसरी. आणि स्पॅनिश भाषेंत, म्हणजे तिच्या व्याकरणांत, वाङ्मयांत, इतिहासांत किंवा अध्यापनाच्या शास्त्रांत, एम. ए. होणें ही तिसरी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या मनांत पहिली गोष्ट असते व तोंडीं तिसरी. एम. ए.च्या वर्गांत भाषा शिकवीत नाहींत. ती विद्यार्थ्यास येते असें धरूनच पहिल्या दिवसापासून व्याख्यान चालतें. बाराखडी गिरविण्याकरितां कोणी मराठीच्या एम. ए.स नांव घालीत नाहीं. स्पॅनिश ही जवळजवळ पन्नास कोटि लोकांची मातृभाषा आहे, वीस देशांचा कारभार तिच्यांत चालतो, तेव्हां तिचा अभ्यास करावासा वाटणें ह्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु ओढ वाटणें आणि अर्जास पात्र असणें ह्यांत जें अंतर आहे तें चालून जावें लागतें.

ह्या बाबतींत आपणां सर्वांस परिचित असलेल्या एका विद्यार्थ्याचें उदाहरण घेतों. संत इग्नाती लोयोला ह्यांस आपण येशूसंघाचे संस्थापक म्हणून ओळखतों. विद्यार्थी म्हणून त्यांची जी ओढाताण झाली ती मात्र आपल्या मुलांस कोणी सांगत नाहीं. इ. स. १५२४ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते बार्सिलोना येथें लॅटिन शिकावयास बसले. दोन वर्षांनीं आल्काला येथील विद्यापीठांत गेले, आणि तेथें तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान व ईशज्ञान हीं तिन्ही एकदमच ऐकूं लागले. परिणाम असा झाला कीं, एकही विषय नीट पदरांत पडला नाहीं. १५२७ मध्यें ते सालामांका येथें गेले. तेथें अभ्यासाऐवजीं धर्माधिकाऱ्यांची चौकशी व बावीस दिवसांचा बंदिवास वांट्यास आला. शेवटीं १५२८ च्या फेब्रुवारींत ते पॅरिसला पोंचले. तेथें पाया कच्चा आहे हें ओळखून, छत्तीस-सदतीस वर्षांचा हा गृहस्थ माँतेग्यू कॉलेजांत पोरांच्या बांकावर बसला आणि लॅटिन पुन्हां आरंभापासून शिकला. त्यानंतर पुढील वर्ग, आणि १५३५ मध्यें मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी. गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेवियर हे त्याच पॅरिसचे मास्टर. त्यांची पदवी १५३० ची, म्हणजे वयानें पंधरा वर्षांनीं लहान असून पांच वर्षें आधींची. ज्यांस आल्कालाचा मार्ग जवळचा वाटतो त्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पहावा.

आतां भाषा येते हें ठरवावयाचें कसें? युरोपांत भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानितात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-२ म्हणजे बाजारहाट व ओळखपाळख. बी-२ म्हणजे वर्तमानपत्रांतील लेख समजणें आणि आपलें मत चार लोकांत मांडणें. सी-१ म्हणजे त्या भाषेंत निबंध व शास्त्रीय चर्चा. स्पॅनिशविषयक एम. ए.करितां स्पेनमध्यें बहुतेक ठिकाणीं निदान बी-२ व कित्येक ठिकाणीं सी-१ चें प्रमाणपत्र मागतात. सर्वांत अधिक मान्यतेची परीक्षा म्हणजे ‘देले’. ती स्पेनच्या शिक्षणखात्याच्या वतीनें सर्व्हांतेस संस्था घेते, आणि त्या संस्थेचें केंद्र दिल्लींत २००९ पासून आहे. ‘देले’चें प्रमाणपत्र एकदां मिळालें कीं त्यास मुदत नाहीं. ‘सिएले’ ह्या नांवाची दुसरी एक परीक्षा आहे, ती संगणकावर होते, निकाल लौकर लागतो, पण तिचें प्रमाणपत्र पांच वर्षेंच चालतें. नोकरी सांभाळून शिकणारा मुलगा अगदीं प्रारंभापासून बी-२ पर्यंत येण्यास, माझ्या पाहण्यांत तरी, दोन वर्षें नेटाचा अभ्यास लागतो. सहा महिन्यांत करून देतों असें सांगणाऱ्या जाहिराती मींही पाहिल्या आहेत. त्यांत कोणत्या पायरीपर्यंत नेणार तें सहसा लिहिलेलें नसतें.

स्पेनची वाट धरण्यापूर्वीं आपल्या देशांतील वाट पहावी, असें माझें स्पष्ट मत आहे. दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ मध्यें स्थापन झालें. तेथें स्पॅनिशचें एम. ए. आहे, आणि त्याच विभागांत पोर्तुगीज, इटालियन व लॅटिन अमेरिकेचा अभ्यासही चालतो. दिल्ली विद्यापीठांत हिस्पॅनिक अध्ययन ह्या नांवानें एम. ए. आहे. हैदराबादचें इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, जें २००७ मध्यें केंद्रीय विद्यापीठ झालें, तेथेंही स्पॅनिश उच्च पायरीपर्यंत शिकवितात. नेहरू विद्यापीठाचा प्रवेश सीयूईटी (पीजी) ह्या सामायिक परीक्षेवर अवलंबून असतो. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, आणि २०२४ व २०२५ सालीं ती मार्चमध्यें सुरू झाली. अर्जाची मुदत त्याच्या कित्येक आठवडे आधीं संपते, आणि आपलीं मुलें नेमकीं त्याच दिवसांत नाताळच्या व लग्नसराईच्या गडबडींत असतात. ज्यांची बी. ए. स्पॅनिशमध्यें झालेली नाहीं त्यांनीं पात्रतेचा नियम त्या वर्षाच्या माहितीपत्रकांत स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावा. मित्रानें सांगितलेला नियम बहुधा मित्राच्या वर्षाचा असतो. तेथील शुल्क परदेशाच्या मानानें अगदींच थोडें, आणि दोन वर्षें सर्व दिवस भाषेच्या सहवासांत जातात. "दिल्लीच काय, त्यांत परदेश कोठें आला?" असें एका आईनें मला विचारलें होतें. बाई, मुलगी शिकावयास जात असेल तर दिल्ली पुरेशी दूर आहे.

तरीही स्पेनची ओढ मी समजूं शकतों. सालामांकाचें विद्यापीठ १२१८ मध्यें स्थापन झालें. आंतोनियो दे नेब्रिहा ह्यांनीं स्पॅनिश भाषेचें पहिलें छापील व्याकरण १४९२ मध्यें त्याच नगरींत प्रसिद्ध केलें. क्रुसाचे संत योहान तेथें विद्यार्थी होते, आणि फ्राय लुईस दे लेओन तेथें प्राध्यापक. परक्यांस स्पॅनिश शिकविण्याच्या शास्त्राचें एम. ए. तेथें आजही चालतें. अशा ठिकाणीं ज्यास प्रवेश मिळेल त्याचें मी अंतःकरणपूर्वक अभिनंदन करीन. पण स्पेनमध्यें ‘मास्तेर’ ह्या एकाच शब्दाखालीं दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेंच आपलीं माणसें फसतात.

‘मास्तेर उनिव्हर्सितारियो’ म्हणजे अधिकृत पदवी. तिचा अभ्यासक्रम शासनानें मान्य केलेला असतो, ती सरकारी नोंदवहींत दाखल असते, आणि तिच्या बळावर पुढें डॉक्टरेटचा मार्ग मोकळा होतो. ह्या पदवीस साठ ते एकशेंवीस श्रेयांक लागतात; एका श्रेयांकास पंचवीस ते तीस तासांचें काम, म्हणजे साठ श्रेयांकांच्या एका वर्षांत निदान दीड हजार तास झाले. दुसरी वस्तु म्हणजे त्या त्या संस्थेची स्वतःची पदवी. तिला पूर्वीं ‘मास्तेर प्रोपियो’ म्हणत. २०२१ च्या कायद्यानंतर ‘निरंतर शिक्षणाचें मास्तेर’ असें नांव प्रचारांत आलें. ती वाईटच असते असें नव्हे. नोकरी करणाऱ्या शिक्षकास तिचा उपयोगही होतो. पण तिच्यावर डॉक्टरेटला प्रवेश मिळत नाहीं, आणि भारतांत परत आल्यावर तिची समकक्षता कोण मानणार हा प्रश्न उभा राहतो. स्पेनच्या विद्यापीठखात्याची ‘रुक्त’ नांवाची नोंदवही संगणकावर कोणासही विनामूल्य पाहतां येते. अभ्यासक्रमाचें नांव तेथें शोधावयास पांच मिनिटें लागतात.

मागील वर्षीं एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातांत एका एजंटाची पुस्तिका व वाडींतील एका तुकड्याच्या विक्रीचा कच्चा मसुदा. "फादर, मुलीचें भलें होत असेल तर जमिनीचें काय एवढें?" असें ते म्हणाले, आणि मला ठाऊक आहे कीं तें त्यांनीं मनापासून म्हटलें. मीं पुस्तिका वाचली. पदवी संस्थेची स्वतःची होती. तसें लहान अक्षरांत, स्पॅनिशमध्यें, लिहिलेलेंही होतें. मीं मुलीला विचारलें, "काय गं बाय, तूं कोणत्या पायरीपर्यंत आलीस?" ती म्हणाली, "ए-२ झाली, फादर." मग मीं तिला पुस्तिकेंतील तो लहान अक्षरांचा परिच्छेद वाचावयास दिला. तिनें तो दोनदां वाचला, आणि बापाकडे न पाहतां मला म्हणाली, "ह्यांतलें अर्धें मला कळत नाहीं." त्या एका वाक्यानें वाडीचा तो तुकडा वांचला. संत इग्नातींसही पॅरिसमध्यें असाच फटका बसला होता. बार्सिलोनाच्या हुंडीवर मिळालेले पंचवीस एस्कुदो त्यांनीं सांभाळण्याकरितां बिऱ्हाडांतील एका देशबंधूच्या स्वाधीन केले, त्यानें ते खर्चून टाकले, आणि परत देण्यास त्याजपाशीं कांहीं उरलें नाहीं. परक्या गांवीं आपल्याच भाषेंत गोड बोलणाऱ्यावर विश्वास लौकर बसतो.

त्याच एजंटानें मुलीच्या नांवें एक पत्र तयार केलें होतें. अर्जाबरोबर हेतुपत्र, म्हणजे ‘कार्ता दे मोतिव्हासिओन’, द्यावें लागतें. बहुधा एकच पान. त्यांत लिहिलें होतें कीं, अर्जदारास बाळपणापासून स्पॅनिश संस्कृतीचें विलक्षण आकर्षण आहे. मुलगी हंसली. "फादर, लहानपणीं मला नकाशांत स्पेन दाखवितां आला नसता." मग तुला स्पॅनिश भेटली कोठें, असें मीं विचारलें. ती अंधेरीच्या एका कचेरींत हिशेबाचें काम करी. मेक्सिकोंतील ग्राहकांचीं बिलें तिच्या टेबलावर येत. कांहीं महिन्यांनीं तिला तीं थोडींथोडीं कळूं लागलीं, आणि तिनें शिकवणी लाविली. शिकवणींत एक दिवस शिक्षक ‘आवडणें’ ह्या अर्थाचें क्रियापद शिकवीत होते. इंग्रजीच्या वाटेनें विचार करणारीं मुलें गोंधळलीं, कारण इंग्रजींत ‘मी आंबा आवडतों’ अशा धाटणीचें वाक्य होतें. स्पॅनिशमध्यें म्हणतात ‘मे गुस्ता एल मांगो’, आणि आंबे अनेक असले तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. हिला त्यांत शिकण्यासारखें कांहींच वाटलें नाहीं. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. कर्ता आंबा, आणि आवड ज्याला तो चतुर्थींत! घरीं आपण जन्मभर बोलतों तेंच हें व्याकरण.

मीं तिला म्हटलें, हेंच पत्रांत लिही. आणि आणखी एक गोष्ट तूं पाहिलीस काय? ‘मी पुस्तक पाहतों’ म्हणतांना आपण पुस्तकाला प्रत्यय लावीत नाहीं, पण ‘मी योहानाला पाहतों’ म्हणतांना लावतों. स्पॅनिशमध्यें तसेंच आहे : पुस्तकाच्या पाठीमागें कांहीं नाहीं, माणसाच्या आधीं मात्र ‘आ’ हें अव्यय येतें. दोन भाषा एकमेकींपासून हजारों कोस दूर, एकीनें दुसरीकडून हा नियम घेतलेला नाहीं, आणि तरी माणूस व वस्तु ह्यांतील भेद दोघींनीं सारखाच राखिला. मराठी बोलणाऱ्या मुलांना स्पॅनिश शिकवावयाची तर हें साम्य हाताशीं धरून शिकवितां येईल काय? ह्या प्रश्नावर एम. ए.चा प्रबंधही लिहितां येईल. स्पेनमध्यें हा अंतिम प्रबंध सहा ते तीस श्रेयांकांचा असतो, आणि प्रवेश-समितीस असा अर्जदार आवडतो कीं ज्याच्या डोक्यांत प्रबंधाचें बीज आधींच पडलेलें आहे.

मित्रांनो, मी हें लांबवीत आहें, परंतु माझ्या मतें अर्जाचें मर्म येथेंच आहे. गुण सर्वांचे कागदावर असतात, प्रमाणपत्रेंही असतात. तुम्ही कोण आहां हें त्या एका पानांतच दिसतें. स्पेनच्या संस्कृतीची स्तुति स्पॅनिश प्राध्यापकांस ऐकवूं नका; ती त्यांना पाठ आहे. तुमच्यापाशीं जें आहे आणि त्यांच्यापाशीं नाहीं, तें लिहा. तुमच्यापाशीं मराठी आहे. कोणाच्या घरीं सामवेदी आहे, कोणाच्या घरीं कोंकणी. फादर हेन्री हेरास हे बार्सिलोनाचे येशूसंघी १९२२ मध्यें मुंबईस आले व १९२६ मध्यें त्यांनीं सेंट झेवियर्स कॉलेजांत भारतीय इतिहास-संशोधनाची संस्था स्थापन केली. व्हिसेंते फेरेर हे १९५२ मध्यें मुंबईस आले आणि त्यांनीं मनमाडच्या परिसरांत शेतकऱ्यांमध्यें काम केलें. १९६८ मध्यें त्यांना देश सोडावा लागला, तेव्हां हजारों शेतकरी त्यांच्या बाजूनें रस्त्यावर उतरले. पुढें ते अनंतपूरला गेले व २००९ मध्यें वारले. स्पेनमध्यें हें नांव घरोघर माहीत आहे, आणि मनमाडचे लोक त्यांच्याविषयीं काय सांगतात हें मराठींत जाऊन ऐकणारा स्पॅनिश विद्यार्थी मात्र विरळाच. तुम्ही तेथें उद्यांच्या गाडीनें जाऊं शकतां. पत्र अर्थात् स्पॅनिशमध्यें लिहावें लागतें, आणि तें स्वतः लिहावें. शिक्षकांकडून तपासून घ्यावें, पण दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहवून घेऊं नये. मुलाखतींत पहिल्या तीन वाक्यांतच तें उघडें पडतें.

आतां कागदांचा रुक्ष भाग. भारतीय पदवीधरास स्पेनच्या अधिकृत एम. ए.ला प्रवेश मिळण्याकरितां आपली पदवी तेथें समकक्ष ठरवून घ्यावी लागत नाहीं. विद्यापीठ एवढेंच पाहतें कीं पदवीची पातळी पुरेशी आहे, आणि ती जेथें मिळाली त्या देशांत तिच्यावर पदव्युत्तर शिक्षणास प्रवेश मिळतो. तीन वर्षांच्या बी. ए. वाल्यांनीं आपल्या विद्यापीठाकडून तशा अर्थाचा दाखला आधींच मागून ठेवावा. पदवीपत्र व गुणपत्रिका ह्यांवर आपल्या परराष्ट्रखात्याचें ‘अपोस्टिल’ करून घ्यावें लागतें. २००५ पासून भारत त्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील आहे, त्यामुळें वकिलातीच्या शिक्क्यांची जुनी रांग चुकली. त्यानंतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. हा भाषांतरकार स्पेनच्या परराष्ट्रखात्यानें नेमलेला असावा लागतो. शिकवणीच्या शिक्षकानें केलेलें भाषांतर कितीही उत्तम असलें तरी तें चालत नाहीं. क्रम उलटा करूं नये : आधीं भाषांतर व मागाहून अपोस्टिल केलें तर अपोस्टिलचें भाषांतर राहून जातें व पैसे दोनदां पडतात. आपली सरासरी शेंकड्यांत असते, त्यांची दहांपैकीं. ती बदलून घेण्याकरितां विद्यापीठखात्याचा एक तक्ता संगणकावर आहे, तो अर्जदारानें स्वतःच भरावयाचा असतो.

नांवाविषयीं मात्र मी थोडें सविस्तर सांगणार, कारण तें माझ्या कचेरीचें दुखणें आहे. स्पेनमध्यें प्रत्येकास दोन आडनांवें असतात, रूढीप्रमाणें पहिलें बापाचें व दुसरें आईचें. म्हणून त्यांच्या अर्जांत दोन रकाने असतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनांव, स्वतःचें नांव, बापाचें नांव व आईचें नांव अशी ओळ असते. मुलें दुसऱ्या रकान्यांत बापाचें नांव घालतात, आणि तेथून पुढें प्रत्येक कागदावर ‘श्री. पास्कू’ ह्या नांवाचा एक नवा माणूस जन्मास येतो. पासपोर्टावर जें आहे तेंच, त्याच अक्षरांनीं लिहावें. एकच आडनांव असल्यास दुसरा रकाना मोकळा सोडावा. दुसरी अडचण अक्षरांची. लोपीस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, फर्नांडिस हीं आपलीं आडनांवें पोर्तुगीज घडणीचीं. स्पॅनिशमध्यें तींच लोपेथ, रोद्रीगेथ, गोन्थालेथ, फेर्नान्देथ अशीं उच्चारतात, आणि शेवटचें अक्षरही निराळें. मूळ अर्थ दोहींकडे एकच, अमक्याचा पुत्र. तेथील एखाद्या कारकुनानें सद्भावनेनें तुमचें आडनांव ‘दुरुस्त’ केलें तर तें तत्क्षणीं परत सुधारून घ्यावें. त्याहून कठीण म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टावर दुसरें आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत तिसरें अशीं रूपें असतात. माझ्याकडील नोंद मी कोणाच्याही सोयीकरितां बदलूं शकत नाहीं, आणि ती विद्यापीठाकडे पुरावा म्हणून चालेल असें समजूं नये. शाळेच्या व पासपोर्टाच्या नांवांत फरक असेल तर राजपत्रांतून रीतसर जाहीर करून तो मिटवावा, आणि अर्जाच्या वर्षापूर्वींच मिटवावा.

खर्चाविषयीं थोडक्यांत. व्हिसाकरितां जगण्यापुरती रक्कम दाखवावी लागते. तिचें माप स्पेनच्या एका सरकारी निर्देशांकावर ठरतें, आणि तो २०२४ सालीं महिन्यास ६०० युरो होता. शुल्क, वैद्यकीय विमा व प्रवास ह्याहून निराळे. सहा महिन्यांपेक्षां अधिक राहावयाचें असल्यास पोलिसांचा दाखलाही लागतो. शिष्यवृत्तीची जाहिरात पाहून हुरळून जाण्यापूर्वीं ती कोणत्या देशांकरितां आहे तें पहावें. उदाहरणार्थ, कारोलिना प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्त्या मुख्यतः लॅटिन अमेरिकेकरितां आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कित्येक विद्यापीठें स्पॅनिशच्या एम. ए. विद्यार्थ्यांस खालच्या वर्गांना भाषा शिकविण्याचें काम देतात व त्याबद्दल शुल्कमाफी व वेतन देतात. ज्यांची स्पॅनिश खरोखरीच पक्की आहे त्यांनीं ती वाट अवश्य तपासावी. आंदालुसियांतील सरकारी विद्यापीठांकरितां एकच सामायिक अर्ज असतो व परदेशी पदवीधरांची फेरी निराळी व आधींची असते. सर्वसाधारणपणें सप्टेंबर-ऑक्टोबरांत सुरू होणाऱ्या वर्गाकरितां त्याच्या आदल्या हिवाळ्यांतच कागद तयार असावेत.

राहिलें शिफारसपत्र. माझ्याकडे तें मागावयास येणाऱ्यांस मी बहुधा नाहीं म्हणतों, आणि कित्येकांस त्याचा राग येतो. अर्जदार सदाचारी आहे, गायनमंडळांत गातो, आजीची सेवा करितो, हें मी आनंदानें लिहीन, आणि तें खरेंही असेल. परंतु समितीस हवें असतें तें असें पत्र कीं ज्याच्या लेखकानें तुमचे निबंध वाचले आहेत, चुका दुरुस्त केल्या आहेत, आणि त्याच चुका पुढच्या वेळीं झाल्या कीं नाहीं तें पाहिलें आहे. तें पत्र तुमच्या शिक्षकांनींच द्यावें. मात्र शिक्षकांस अर्जाच्या आदल्या रात्रीं फोन करूं नका. निदान सहा आठवडे द्या, आणि बरोबर आपला निबंध, गुणपत्रिका व अभ्यासक्रमाचें नांव पाठवा. जेथें चारित्र्याचा दाखला निराळा मागितला असेल तेथें मी आहेंच.

त्या मुलीविषयीं आपण विचाराल. तिनें गेल्या मेमध्यें बी-१ ची परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली. आतां ती बी-२ ची तयारी करीत आहे, नोकरी चालू आहे, वाडीही चालू आहे. दिल्ली कीं सालामांका हें अजून ठरलेलें नाहीं. बाप म्हणतात दिल्ली, ती म्हणते सालामांका, आणि आईचें म्हणणें आहे कीं आधीं धाकट्याची दहावी होऊं द्या.

ज्यांना आपले कागद एकदां डोळ्यांखालून घालून घ्यावयाचे असतील त्यांनीं शनिवारीं सायंकाळच्या मिस्सानंतर कचेरींत यावें. मला स्पॅनिश वाचण्यापुरती येते, बोलण्यापुरती नव्हे. पण लहान अक्षरें वाचण्यापुरती ती पुरते. पासपोर्टाची व गुणपत्रिकेची प्रत आणावी, मूळ कागद घरींच ठेवावे, आणि शक्य तर आईबापांनींही बरोबर यावें.